मृतस्मरणाची गृहवेदी : मीरा-भाईंदर परिसर आणि इबेरियन वारसा – एक तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मृत आप्ताच्या स्मरणार्थ घरात वेदी मांडण्याची मेक्सिकोतील प्रथा आज जगभर परिचित झाली आहे. या प्रथेच्या जडणघडणीत ज्या इबेरियन कॅथलिक परंपरेचा वाटा आहे, तीच परंपरा पोर्तुगीजांच्या द्वारे सोळाव्या शतकात उत्तर कोकणात आली. मात्र दोन्ही ठिकाणी तिला भिन्न रूप प्राप्त झाले. मृताची प्रतिमा कोठे ठेवली जाते, त्याच्या नावाचे अन्न कोणाकडे जाते आणि ही वेदी कोणाच्या हातून मांडली जाते, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत निबंधात मेक्सिको व मीरा-भाईंदर परिसर यांची तुलना केली आहे. गृहवेदी हे केवळ धार्मिक साधन नसून स्थानिक व स्त्रियांच्या इतिहासाचे दुर्लक्षित साधन आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची मोजदाद करताना आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी, दप्तरखान्यातील कागद आणि वास्तू यांचा प्रथम विचार करतो. घराच्या भिंतीवरील लाकडी फळी, तिच्यावरील क्रूस, शेजारचे हार घातलेले छायाचित्र आणि खाली तेवणारा दिवा यांना साधनांच्या यादीत सहसा स्थान मिळत नाही. वास्तविक सामान्य कुटुंबाने स्वतःच्या पूर्वजांविषयी जतन केलेली हीच बहुधा एकमेव नोंद असते. ज्या घरात वंशावळ लिहिलेली नाही, त्या घरात छायाचित्राखालचे नाव व मृत्यूची तारीख हाच इतिहास होय.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे शहर या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेलेली होती. रेल्वे स्थानकांभोवतीच्या उंच इमारती हे या शहराचे दर्शनी रूप आहे. परंतु त्याच्या पश्चिमेस उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही किनाऱ्यालगतची गावे आणि राई, मुर्धे यांसारखी जुनी गावठाणे आहेत. आगरी, कोळी, भंडारी तसेच ईस्ट इंडियन आणि कोळी ख्रिस्ती समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून राहत आले आहेत. त्यामुळे पितृपक्षातील पान आणि २ नोव्हेंबरची मेणबत्ती या दोन्ही गोष्टी एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

प्रस्तुत निबंध ग्रंथगत माहिती आणि परिसरात सर्वसामान्यपणे आढळणारे आचार यांवर आधारलेला आहे. कोणत्याही विशिष्ट कुटुंबाची माहिती येथे दिलेली नाही.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. मीरा-भाईंदर ज्या साष्टी बेटाच्या वायव्य भागात वसले आहे, ते बेटही या व्यवस्थेत आले. पुढील दोनशे वर्षे हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चा भाग होता. फ्रान्सिस्कन संघाचे अँटोनियो दो पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास साष्टीत धर्मप्रसार केला. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथील लेण्याचे चर्चमध्ये झालेले रूपांतर हा त्या काळाचा परिचित अवशेष होय. डोंगरीचे बेथलेहेम मातेचे चर्च, भाईंदरचे नाझरेथ मातेचे चर्च, काशीमीरा येथील संत जेरोमचे चर्च आणि उत्तनचे सागरमातेचे चर्च ही या परिसरातील प्रमुख कॅथलिक धर्मस्थाने आहेत.

या प्रदेशात रुजलेल्या कॅथलिक आचारात मृतांसाठी प्रार्थना करण्याला विशेष महत्त्व होते. फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणासाठी ठरवून दिला व तेथून ही प्रथा पश्चिम युरोपात पसरली. मृतात्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेने व मिस्सेने साहाय्य होते, ही शिकवण ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये पुन्हा ठामपणे मांडली. प्रॉटेस्टंट सुधारकांनी या शिकवणीला विरोध केला होता; म्हणून स्पेन व पोर्तुगाल या कॅथलिक राष्ट्रांत ती अधिकच आग्रहाने पाळली गेली. २ नोव्हेंबर रोजी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा प्रथम इबेरियन प्रदेशात रूढ झाली. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४८ मध्ये स्पेन व पोर्तुगाल यांच्या राज्यांसाठी तिला मान्यता दिली आणि पहिल्या महायुद्धातील अपार मनुष्यहानीच्या पार्श्वभूमीवर बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ मध्ये ती सर्व जगासाठी खुली केली.

१७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी धारावीचे ठाणे आणि पुढे वसईचा किल्ला जिंकला. धारावी किल्ल्याजवळ उभारलेले चिमाजी आप्पांचे स्मारक या विजयाची आठवण देते. या सत्तांतरानंतर युरोपीय धर्मगुरू बहुतांशी निघून गेले व धर्मग्रामांचा कारभार स्थानिक आणि गोमंतकीय धर्मगुरूंवर येऊन पडला. पुढे १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली. राजसत्ता तीनदा बदलली, तरी मृतस्मरणाचा आचार टिकून राहिला. या सातत्याचे श्रेय केवळ चर्चसंस्थेला देता येणार नाही. धर्मगुरूंची संख्या रोडावलेली असताना घरातील प्रार्थनेचे महत्त्व वाढले असले पाहिजे, असे अनुमान येथे काढणे वावगे ठरू नये.

३. मेक्सिकोतील वेदी : रचना आणि उगम

मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबर या दिवशी मृतांचे आगमन होते, अशी श्रद्धा आहे. पहिला दिवस प्रामुख्याने बालकांचा, तर दुसरा प्रौढांचा. त्यांच्या स्वागतासाठी घरात मांडल्या जाणाऱ्या वेदीला स्पॅनिश भाषेत ‘ओफ्रेंदा’, म्हणजे अर्पण, असे म्हणतात. वेदीला दोन, तीन किंवा सात पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांची वेदी पृथ्वी व स्वर्ग यांचे प्रतीक समजली जाते. वर ग्वादालुपेची माता अथवा एखादा संत, मध्यवर्ती ठिकाणी मृताचे छायाचित्र, नक्षीदार कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताका, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूप, प्रवासाने तहानलेल्या आत्म्यासाठी पाण्याचा पेला, शुद्धीसाठी मीठ, मृतांसाठी खास भाजलेला गोड पाव, साखरेच्या कवट्या आणि मृताचे आवडते खाद्यपेय ही तिची मुख्य सामग्री होय. वेदीपासून उंबरठ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट पसरली जाते. रंग आणि गंध यांच्या आधारे मृताला आपले घर सापडावे, असा त्यामागील भाव आहे.

१५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिको जिंकण्यापूर्वी नाहुआ लोकांच्या पंचांगात मृतांचे लहान व मोठे असे दोन सण होते. सोळाव्या शतकातील डोमिनिकन धर्मोपदेशक दिएगो दुरान यांनी, पूर्वीच्या सणांतील अर्पणे लोक आता सर्व संत दिन व मृत दिन या ख्रिस्ती दिवशी करू लागले आहेत, असा संशय नोंदवला आहे. दुसऱ्या बाजूने, स्पेनमध्येही या दिवशी कबरीवर पाव, मद्य व मेणबत्त्या नेण्याची चाल होती. त्यामुळे ही प्रथा संपूर्णपणे प्राचीन देशी किंवा संपूर्णपणे स्पॅनिश आहे, असे म्हणणे एकांगी ठरते. मानवशास्त्रज्ञ स्टॅन्ली ब्रँडेस यांनी आपल्या २००६ च्या ग्रंथात या प्रथेच्या घडणीत वसाहतकाळ व आधुनिक मेक्सिकोचा राष्ट्रवाद यांचा वाटा किती मोठा आहे, हे दाखवून दिले आहे.

या प्रथेचे सार्वजनिक रूप तर बरेच अलीकडचे आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘गालेरिया दे ला रासा’ या कलादालनाने १९७२ मध्ये मृतदिनाचे प्रदर्शन भरवले आणि अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांना या वेदीत आपल्या अस्मितेचे चिन्ह गवसले. युनेस्कोने २००३ मध्ये या प्रथेची मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून घोषणा केली आणि २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत तिचा समावेश केला. मेक्सिको शहरातील मृतदिनाची भव्य मिरवणूक तर २०१६ मध्ये सुरू झाली; तिची कल्पना त्याआधीच्या वर्षी प्रदर्शित झालेल्या जेम्स बाँड चित्रपटातील काल्पनिक दृश्यावरून आली. परंपरा जितकी जुनी दिसते तितकी ती असतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४. झेंडू आणि मीठ : दोन समान पदार्थ

मेक्सिकोच्या वेदीवरील झेंडू मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. दसऱ्याचे तोरण, वाहनपूजा आणि अंत्ययात्रा अशा शुभाशुभ दोन्ही प्रसंगी आपण तोच वापरतो. मात्र हे फूल मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेचे असून सोळाव्या शतकानंतर सागरी व्यापाराच्या मार्गाने ते भारतात पोहोचले. नाहुआ भाषेतून आलेल्या ‘सेम्पासूचिल’ या त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘वीस फुले’ असा होतो. एकाच फुलातील असंख्य पाकळ्यांचा निर्देश त्यात आहे. २ नोव्हेंबरला उत्तन-डोंगरीच्या दफनभूमीत कबरीवर वाहिला जाणारा झेंडू आणि मेक्सिकोतील वेदीवरचा झेंडू यांचे कूळ एकच आहे. धर्माबरोबर फूलही समुद्र ओलांडून आले, परंतु येथे त्याने सर्व धर्मांच्या घरांत प्रवेश मिळवला.

दुसरा पदार्थ मीठ. भाईंदरची ओळखच दीर्घकाळ मिठागरांशी निगडित होती. मेक्सिकोत मीठ आत्म्याच्या शुद्धीसाठी वेदीवर ठेवतात. मराठी घरांत दृष्ट काढताना मीठ ओवाळले जाते आणि कॅथलिक विधीतही मीठ मंत्रून पवित्र जलात मिसळण्याची परंपरा आहे. कुजण्यापासून रक्षण करणारा पदार्थ म्हणून मिठाला सर्वत्र हा अर्थ लाभला असावा. समान पदार्थ दिसले की समान उगम आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. झेंडूच्या बाबतीत तो रास्त आहे, मिठाच्या बाबतीत नाही. तौलनिक अभ्यासात हा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे.

५. प्रतिमा कोठे ठेवावी?

मीरा-भाईंदर परिसरातील कॅथलिक घरात बैठकीच्या खोलीत वेदी असते. जुन्या बोलीत तिला पोर्तुगीज शब्दावरून ‘आल्तार’ असेही म्हणतात. तिच्यावर क्रूस, येशूचे पवित्र हृदय, मरियामातेची मूर्ती व कुटुंबाच्या आवडत्या संतांच्या प्रतिमा असतात. संध्याकाळी तिच्यासमोर दिवा अथवा मेणबत्ती लावून जपमाळेची प्रार्थना होते. घरातील मृतांची छायाचित्रे हार घालून भिंतीवर लावलेली असतात. परंतु ती सामान्यतः वेदीच्या बाजूला किंवा खालच्या पातळीवर असतात, वेदीवर नव्हे. वेदी देवाची व संतांची; मृताचा आत्मा हा अद्याप प्रार्थनेचा विषय असतो, पूजेचा नव्हे. मेक्सिकोच्या वेदीत मात्र मृताचे छायाचित्र मध्यवर्ती असते, कारण त्या दोन दिवसांपुरता मृत हाच घरचा पाहुणा असतो.

याच परिसरातील हिंदू घरांतील व्यवस्था या संदर्भात लक्षणीय आहे. मृतांचे छायाचित्र देव्हाऱ्यात ठेवू नये, ते दक्षिणेच्या भिंतीवर लावावे, असा समज सर्वत्र आढळतो. त्याच वेळी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत पूर्वजांच्या नावाने सोनाराकडून घडवून घेतलेले चांदीचे किंवा पितळेचे टाक कुलदेवतांच्या टाकांसोबत देव्हाऱ्यात पुजले जातात. नाशिकमध्ये धुळवडीच्या दिवशी असे वीरांचे टाक वाजतगाजत मिरवले जातात. म्हणजे व्यक्तीचा चेहरा दाखवणारे छायाचित्र देव्हाऱ्याबाहेर राहते आणि व्यक्तिविशेष पुसून टाकणारा ठसा आत जातो. पूर्वजाला देवत्व मिळण्यासाठी आधी त्याचा चेहरा नाहीसा व्हावा लागतो, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरणार नाही.

या रूढीचा प्राचीन अवशेष मीरा-भाईंदरच्या दक्षिणेस बोरिवलीतील एकसर येथे आहे. तेथील वीरगळांवर नाविक युद्धाची दृश्ये कोरलेली असून, अभ्यासकांनी त्यांचा संबंध यादव राजा महादेव व उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील तेराव्या शतकातील युद्धाशी जोडला आहे. वीरगळावर खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा क्रम सामान्यतः असतो. पायरीपायरीने पृथ्वीवरून स्वर्गाकडे जाणारी ही रचना मेक्सिकोच्या पायऱ्यांच्या वेदीशी विलक्षण साम्य दाखवते. मात्र दोहोंचा परस्परांशी काहीही ऐतिहासिक संबंध नाही.

छायाचित्र हे साधनही तुलनेने नवे आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. सामान्य कुटुंबांच्या भिंतीवर छायाचित्र येण्यास पुढे अनेक दशके लागली. त्यापूर्वी स्मरणाचे माध्यम होते ते नाव. मिस्सेत उच्चारले जाणारे नाव आणि श्राद्धात गोत्रासह घेतले जाणारे नाव यांत या दृष्टीने साधर्म्य आहे.

६. अन्न कोणाकडे जाते?

मेक्सिकोच्या व कोकणच्या मृतस्मरणातील सर्वांत मोठा फरक अन्नाच्या बाबतीत दिसतो. मेक्सिकोत अन्न वेदीवर राहते. मृत त्याचा गंध व सत्त्व घेतात आणि नंतर कुटुंब व शेजारी ते वाटून खातात. हिंदू श्राद्धात पितरांच्या नावाने केलेले अन्न पिंड, ब्राह्मणभोजन आणि कावळ्याचे पान यांद्वारे पोहोचते. भाद्रपद वद्य पक्षात, विशेषतः सर्वपित्री अमावस्येला, गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसे भाईंदरच्या इमारतींतही दिसतात.

कॅथलिक समाजात मात्र अन्न वेदीपासून दूर गेले. गोव्यात विवाहापूर्वी मृत पूर्वजांच्या नावाने गरिबांना जेवण घालण्याची प्रथा कॅथलिक कुटुंबांत आहे. पूर्वजाला अन्न द्यायचे ही जुनी प्रेरणा तीत कायम राहिली, परंतु स्वीकारणारा बदलला. मृताऐवजी भुकेला माणूस आला. हा बदल आपोआप घडला नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने देशी आचारांवर निर्बंध घातले. पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनने प्रसिद्ध केलेल्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती लोकांच्या जन्म, विवाह व मृत्यू यांच्याशी निगडित असंख्य चालींना बंदी केली. अ. का. प्रियोळकर यांच्या गोवा इन्क्विझिशनवरील १९६१ च्या ग्रंथामुळे हे आज्ञापत्र अभ्यासकांना सुलभ झाले आहे.

दोनशे वर्षांच्या ख्रिस्तीकरणानंतरही अशी सविस्तर बंदी घालावी लागली, याचाच अर्थ त्या चाली जिवंत होत्या. दुरान यांचा मेक्सिकोतील संशय आणि १७३६ चे आज्ञापत्र या दोन्ही कागदांचा हेतू प्रथा नष्ट करण्याचा होता. प्रत्यक्षात त्या प्रथांची सर्वांत तपशीलवार नोंद त्यांनीच मागे ठेवली. विरोधकाचा कागद साक्षीदाराचे काम करतो, हा इतिहासलेखनातील अनुभव येथेही प्रत्ययास येतो. पुढे चर्चची भूमिकाही पालटली. पोप पायस बारावे यांच्या काळात डिसेंबर १९३९ मध्ये चीनमधील कॅथलिकांना मृत पूर्वजांच्या प्रतिमेसमोर किंवा नामफलकासमोर आदराने मस्तक लववण्यास मुभा देण्यात आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मराठी भाषेतील उपासना रूढ झाली आणि देशी आचारांकडे पाहण्याची दृष्टी अधिक उदार झाली.

७. वेदी कोणाच्या हाती?

श्राद्धविधीत पिंडदानाचा अधिकार रूढीने प्रामुख्याने पुरुष वारसाकडे राहिला. मिस्सा धर्मगुरू अर्पण करतात. याउलट घरातील वेदी पुसणे, तिच्यावरचे वस्त्र बदलणे, फुले आणणे, दिवा लावणे, जपमाळेला घरच्यांना बसवणे आणि मृत्यूच्या वार्षिक तारखा ध्यानात ठेवणे ही कामे बहुधा घरातील स्त्री करते. आजी-आजोबांची, सासू-सासऱ्यांची आणि अकाली गेलेल्या मुलांची नावे तिला तोंडपाठ असतात. औपचारिक विधीत दुय्यम स्थान असलेली स्त्री स्मरणाच्या दैनंदिन व्यवहारात मात्र मुख्य ठरते. म्हणून गृहवेदीचा अभ्यास हा स्त्रियांच्या इतिहासाचाही अभ्यास आहे.

मच्छीमार वस्तीत या वेदीला आणखी एक अर्थ आहे. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही आणि देहही हाती लागला नाही, तर कबर कोठे बांधायची? अशा वेळी छायाचित्र व दिवा हेच त्याचे थडगे ठरते. किनाऱ्यावरील कुटुंबांच्या दृष्टीने घरातील ही जागा म्हणूनच केवळ शोभेची नसते.

सार्वजनिक पातळीवर हेच कार्य गावठाणातील क्रूस करतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला. त्या काळात व त्यानंतर साष्टीतील ख्रिस्ती वस्त्यांत अनेक क्रूस उभारले गेले. त्यांच्या चौथऱ्यावर मेणबत्त्या व फुले वाहिली जातात. ज्यांच्यावर स्वतंत्र दगड उभा राहिला नाही, अशा असंख्य मृतांचे ते सामायिक स्मारक होय.

८. वेदीची मांडणी

या परिसरातील आचार ध्यानी घेऊन मृतस्मरणाच्या वेदीची मांडणी पुढीलप्रमाणे सांगता येईल. प्रथम भिंतीलगतचे मेज किंवा फळी निवडून तिच्यावर स्वच्छ पांढरे वस्त्र अंथरावे. कॅथलिक घरात मागे क्रूस व त्याच्या खालच्या पातळीवर मृताचे छायाचित्र येते. इतरांनी आपल्या श्रद्धेनुसार ही जागा ठरवावी. छायाचित्राजवळ पूर्ण नाव, जन्म व मृत्यूची तारीख आणि मूळ गाव ठळकपणे लिहून ठेवावे. हा लहानसा तपशील पुढच्या पिढीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. पुढे दिवा किंवा मेणबत्ती, झेंडू वा शेवंतीची फुले आणि पाण्याचा पेला ठेवावा. मृताच्या हातातील एखादी वस्तू, उदाहरणार्थ जपमाळ, चश्मा, जाळे विणण्याची सुई, शिवणाची कात्री, ठेवल्यास व्यक्तीचा व्यवसाय व स्वभाव यांची नोंद होते. मृताच्या आवडीचे अन्न शिजवावे आणि ते शेजाऱ्याला किंवा गरजूला द्यावे. वेदी उतरवताना नावाची चिठ्ठी फेकून न देता घरच्या बायबलमध्ये, पोथीत किंवा वहीत जपून ठेवावी.

मेक्सिकोची वेदी दोन दिवसांसाठी उभारली व उतरवली जाते. आपल्याकडील छायाचित्र वर्षभर भिंतीवर असते. पहिल्या पद्धतीत स्मरण हा प्रसंग आहे, दुसऱ्या पद्धतीत तो सहवास आहे. वर्षभर डोळ्यांसमोर असलेली वस्तू हळूहळू दिसेनाशी होते, हा दुसऱ्या पद्धतीचा दोष. वर्षातून एकदा तरी छायाचित्र खाली उतरवून पुसावे, त्याभोवती कुटुंबाने एकत्र बसावे आणि त्या व्यक्तीविषयी बोलावे, ही गोष्ट मेक्सिकोकडून घेण्यासारखी आहे. त्यासाठी साखरेच्या कवट्यांचे अनुकरण करण्याची आवश्यकता नाही.

९. वर्तमान प्रश्न

मीरा-भाईंदरसारख्या शहरात मृतांसाठीची जागा दोन्हीकडून आक्रसत आहे. मुंबई व उपनगरांतील कॅथलिक दफनभूमीत जागेअभावी अनेक कबरी ठरावीक काळाने पुन्हा वापराव्या लागतात आणि अस्थी भिंतीतील कोनाड्यात हलवल्या जातात. कायमचा दगड, त्यावरचे नाव आणि मजकूर ही साधने त्यामुळे मर्यादित होतात. दुसरीकडे जुनी कौलारू घरे पाडून सदनिका उभ्या राहतात तेव्हा भिंतीतील कोनाडा व लाकडी वेदी नव्या घरात मावत नाही. जुनी छायाचित्रे माळ्यावर किंवा भंगारात जातात. त्यांच्या मागे लिहिलेले छायाचित्रकाराचे नाव, गाव आणि साल यांसह एका घराचा इतिहास नाहीसा होतो.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारून या समाजाने मे १८८७ मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना केली. सामूहिक अस्मितेची नोंद तेव्हापासून कागदावर आहे. घराघरांतील स्मरणाची नोंद मात्र झालेली नाही. येथे महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. इतिहास, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून स्वतःच्याच घरातील एका वेदीची अथवा छायाचित्राची नोंद करून घ्यावी. वस्तूंची यादी, नाव, तारखा, बोलीतील शब्द, ती कोण सांभाळते आणि त्या व्यक्तीविषयी घरात काय सांगितले जाते, एवढे सहा मुद्दे पुरेसे आहेत. कुटुंबाची संमती घ्यावी, प्रसिद्धीपूर्वी खाजगी तपशील वगळावेत आणि नोंदीची प्रत कुटुंबाला द्यावी. हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम, जैन अशा सर्व समाजांतील विद्यार्थी वर्गात असतात. ज्या धर्मात प्रतिमेला स्थान नाही, तेथे स्मरण कसे होते, हाही अभ्यासाचा विषय व्हावा.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मेक्सिको व उत्तर कोकण या दोन्ही प्रदेशांत मृतस्मरणाचा इबेरियन कॅथलिक आचार पोहोचला, परंतु स्थानिक पूर्वजपूजेशी त्याचे नाते वेगवेगळ्या रीतीने जुळले. दोन, मेक्सिकोत मृताची प्रतिमा व अन्न वेदीवर राहिले. कोकणात प्रतिमा वेदीच्या बाजूला गेली आणि अन्न गरजूंकडे वळले. तीन, प्रतिमेला देवाच्या जागेपासून दूर ठेवण्याच्या बाबतीत येथील कॅथलिक घर मेक्सिकोच्या घरापेक्षा शेजारच्या हिंदू घराला अधिक जवळचे आहे. चार, या स्मरणाची खरी वाहक घरातील स्त्री असून तिच्या स्मृतीची नोंद अद्याप व्हावयाची आहे.

किल्ले आणि चर्च यांच्या जतनाचा विचार आज होत आहे व तो स्वागतार्ह आहे. परंतु दगडी वास्तू पडली तरी तिचे अवशेष उरतात. घरातील वेदीचे तसे नाही. ती सांभाळणारी व्यक्ती गेली की छायाचित्रातील माणूस कोण, हे सांगणारे कोणी उरत नाही आणि त्या माणसाला दुसऱ्यांदा मृत्यू येतो. तो टाळण्यासाठी एक वही, एक लेखणी आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसण्याची तयारी एवढेच भांडवल लागते.